सावलीची आखणी

ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि पुणे, लोणी काळभोर असे मुक्काम करीत दौंड तालुक्यात येते. यवत आणि वरवंड ही या तालुक्यातील तिच्या मुक्कामाची गावे होत. त्या दिवसांत पाऊस नीट लागलेला नसतो. आभाळ भरून येते, पण बरसत नाही. आणि दुपारचे ऊन वैशाखाची आठवण करून देते. अशा वेळी दिंडीतील थकलेली माणसे वाटेत कोठे टेकतात, हे पाहण्याजोगे असते. एखाद्या जुन्या वडाखाली, चिंचेखाली किंवा कडुनिंबाखाली ती बसतात, पाणी पितात, पायाला लागलेले खडे काढतात आणि पुन्हा चालू लागतात. ते झाड कोणी लावले हे त्यांना ठाऊक नसते. आणि ज्याने लावले, त्यालाही आपल्या सावलीत कोण बसणार हे ठाऊक नव्हते.

या वाटेचे रूप आता पालटत आहे. दौंड तालुक्यातील पाटस येथून बारामती, इंदापूर यांवरून पंढरपूरकडे जाणाऱ्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. या योजनेत पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेने स्वतंत्र वाट धरलेली आहे, आणि त्या वाटेलगत सावलीची झाडे लावावीत, असे आवाहनही त्या प्रसंगी करण्यात आले. वाट बांधण्यास काही महिने किंवा काही वर्षे पुरतात. सावलीचे तसे नाही. ती विकत आणता येत नाही, घाईने उभारता येत नाही, आणि एकदा गेली म्हणजे एका पिढीत परत येत नाही. म्हणूनच झाडे लावण्याचे काम केवळ उत्साहाने होत नाही. त्यालाही आखणी लागते. कोणते झाड, कोठे, किती अंतरावर, आणि त्याला पाणी कोण घालणार, या चार प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके ही उत्तरे शोधण्यास फार सोयीचे आहेत.

प्रथम येथील भूमी पाहू. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिकामे करतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेच वारे डोंगर उतरून पूर्वेकडे येईपर्यंत कोरडे होतात. शिरूर-दौंडच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येतो, आणि तोही बेभरवशाचा. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. शिरूर हे गाव घोड नदीच्या काठी वसले आहे; म्हणूनच लोक त्याला घोडनदी असेही म्हणतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन भीमेच्या काठी आहे. नद्यांच्या आणि कालव्यांच्या लगत काळी, खोल जमीन असून तेथे ऊस डोलतो. परंतु नदीपासून थोडे दूर गेले की मुरमाड, उघडी माळराने सुरू होतात. एकाच तालुक्यात हाताच्या अंतरावर अशा दोन निराळ्या भूमी असल्यामुळे, एकीकडे तगणारे झाड दुसरीकडे तगत नाही.

मग येथे कोणती झाडे तगतात? या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वजांनी लिहून ठेवलेले आहे. मात्र ते ग्रंथात नसून गावांच्या नावांत आहे. शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई, पिंपळे जगताप, निमगाव म्हाळुंगी, चिंचणी, बाभुळसर, करंजावणे, आंबळे ही नावे वाचावीत. दौंड तालुक्यातील पिंपळगाव, बोरीपार्धी, बोरीभडक, हिंगणीगाडा, हिंगणीबेर्डी ही नावे त्यांच्या शेजारी ठेवावीत. वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, बाभूळ, करंज, आंबा, बोर आणि काटेरी हिंगण अशी झाडांची एक यादीच त्यांतून तयार होते. ज्या काळी वृक्षगणना कोणी करीत नव्हते, त्या काळी लोकांनी आपल्या वस्तीची ओळख झाडावरून ठेवली. नावात जे झाड आहे ते आज त्या गावात किती उरले आहे, हे त्या त्या गावच्या विद्यार्थ्यांनी हिंडून मोजण्याजोगे आहे.

अशा झाडांना देशी झाडे म्हणतात. देशी याचा अर्थ केवळ जुने असा नव्हे. त्या भूमीतील पाऊस, माती, कीटक, पक्षी आणि पशू यांच्याशी ज्या झाडाचे दीर्घकाळ नाते जुळलेले आहे, ते देशी झाड होय. वडाचेच उदाहरण घ्यावे. वडाचे लाल फळ म्हणून जे दिसते, त्याच्या पोटात असंख्य बारीक फुले असतात. त्या फुलांत पराग पोचविण्याचे काम एक अगदी चिमुकली गांधीलमाशी करते. आणि वड, पिंपळ, उंबर या प्रत्येकाची गांधीलमाशी निराळी असते. ती माशी नसेल तर त्या झाडाला बी धरणार नाही. ते झाड नसेल तर ती माशी जगणार नाही. पुढे ती फळे मैना, बुलबुल, हरियाल, तांबट असे पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर जाऊन पडते. एक वड तोडला म्हणजे एक खोड पडले असे नव्हे. एक गाव उठले, असे म्हटले पाहिजे.

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावी हे नाते सहज पाहावयास मिळते. या गावाच्या नावात चिंचही आहे आणि मोरही आहे. चिंचेची गर्द झाडे, शेतातील धान्य आणि माणसांचा अभय यांमुळे तेथे मोर मोकळेपणाने वावरतात. मोर जमिनीवर चरतो, परंतु रात्रीच्या विसाव्यास त्याला उंच झाड लागते. हे मोर पाहण्यास दूरदूरचे लोक येतात आणि त्यामुळे गावातील काही कुटुंबांना उत्पन्नाचे एक साधनही मिळाले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिंच ही मूळची आफ्रिकेतील मानली जाते. पण ती या देशात येऊन इतकी शतके लोटली आहेत, की येथील पाखरे, माणसे आणि स्वयंपाकघरे यांनी तिला आपलीच मानले आहे. उलट मादागास्करहून आलेला गुलमोहर किंवा दक्षिण अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष हे अलीकडचे पाहुणे होत. गुलमोहर फुलला म्हणजे डोळ्यांचे पारणे फिटते. परंतु त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वळवाच्या वाऱ्यात मोडून पडतात. वेड्या बाभळीसारखा पाहुणा तर घरच्यांनाच बाहेर काढतो. म्हणून पाहुण्याचा द्वेष करू नये, पण घर त्याच्या हाती देऊ नये.

आता जागेचा विचार करू. गावाच्या आणि शहराच्या आखणीत झाडांच्या दृष्टीने चार प्रकारच्या जागा येतात. हमरस्ता ही पहिली जागा, वस्तीतील गल्ली व बाग ही दुसरी, नदीचा काठ ही तिसरी आणि माळरान ही चौथी. या चारही जागांची मागणी निरनिराळी आहे.

हमरस्त्याच्या कडेला सावली हवी, आणि ती नेमकी उन्हाळ्यात हवी. पळस आणि पांगारा ही फुलांनी देखणी झाडे खरी. पण पांथस्थाला सावलीची गरज लागू लागते तेव्हा ती निष्पर्ण असतात. वड, चिंच, नांद्रुक यांची पाने त्या वेळी दाट असतात. कडुनिंब फाल्गुनाच्या सुमारास पाने गाळतो, परंतु ऊन तापू लागण्यापूर्वीच नवी पालवी धारण करतो. जांभळाची फळे तर पालखीच्या दिवसांतच पिकू लागतात. मात्र वडासारख्या विस्तारी झाडाला दोन झाडांत पंधरा मीटर तरी अंतर ठेवले पाहिजे, आणि उद्या रस्ता रुंद होईल हे जाणून ते आजच्या कडेपासून पुरेसे दूर लावले पाहिजे. रस्त्याला चिकटून लावलेले झाड हे पुढच्या रुंदीकरणासाठी राखून ठेवलेले लाकूडच होय.

वस्तीतील गल्लीत जागा थोडी, वर विजेच्या तारा आणि खाली नळ व गटारे असतात. तेथे वड लावला तर दर वर्षी त्याच्या फांद्या छाटाव्या लागतील आणि झाड विद्रूप होईल. अशा ठिकाणी आपटा, कांचन, बहावा यांसारखी लहान झाडे शोभतात. घराच्या पश्चिमेस झाड असेल तर दुपारनंतरचे तिरपे ऊन भिंतीवर पडत नाही व घर संध्याकाळी तापत नाही. गल्लीतील झाडाचा मोठा शत्रू कुऱ्हाड नसून सिमेंट असतो. बुंध्यापर्यंत फरशी बसविली की मुळांना ना पाणी मिळते ना हवा. झाड उभ्याउभ्या सुकते आणि एखाद्या वादळात कोसळते. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. बागेचा विचारही असाच करावा. हिरवळीची चादर आणि कारंजे यांना रोज पाणी लागते. ज्या तालुक्यातील कित्येक गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तेथे पाच-सहा मोठ्या झाडांची मातीची बाग अधिक शहाणपणाची ठरते.

नदीचा काठ हा पाण्याने घडविलेला असतो आणि पुराच्या वेळी पाणी तो परत मागते. म्हणून घोड आणि भीमा यांच्या तीरांवर पक्क्या भिंती बांधून बागा करण्यापेक्षा काठ सावरून धरणारी झाडे लावावीत. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन यांना ओल मानवते. त्यांची मुळे माती घट्ट धरतात आणि पूर येऊन गेला तरी ती पुन्हा फुटतात. त्यांच्या सावलीतून एक साधी मातीची पायवाट काढली, तर म्हाताऱ्यांना फिरण्यास आणि मुलांना पक्षी पाहण्यास तेवढी पुरे होते. मातीची वाट पुरात वाहून गेली तरी थोड्या श्रमात पुन्हा होते.

चौथी जागा माळरानाची. आणि आखणी करणारे सर्वांत अधिक चुकतात ते येथेच. माळ उघडा दिसतो, महसुली दप्तरात पुष्कळदा त्याची नोंद पडीक म्हणून असते, आणि वनमहोत्सवाच्या दिवशी उत्साही मंडळींची दृष्टी प्रथम त्याच्यावर जाते. खड्ड्यांच्या रांगा खणल्या जातात, गिरिपुष्पाची किंवा सुबाभळीची रोपे लावली जातात. हेतू चांगला असतो. पण माळ पडीक नसतो. पावसाचे चार शिंतोडे पडताच तेथे पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते उठतात. चंडोल आणि धाविक हे पक्षी तेथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. चिंकारा हे नाजूक हरिण, त्याच्या मागावर असणारा लांडगा आणि उंदीर मारून शेतकऱ्याला साहाय्य करणारी खोकड यांचे घर तेच होय. धनगरांचे कळपही त्याच गवतावर पोसले जातात. गवताची मुळे माती बांधून ठेवतात आणि पावसाचे पाणी जमिनीत जिरवितात. अशा माळावर दाट झाडी उभी केली तर गवत सावलीने खुरटते, घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांना बसण्यास फांद्या मिळतात आणि जमिनीवरील घरटी उघडी पडतात. दौंड तालुक्यातील चौफुल्याहून मोरगावकडे जाताना बारामती तालुक्यातील सुपे हे गाव लागते. तेथे केवळ ५.१४ चौरस किलोमीटरांचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे लहानसे अभयारण्य मुख्यतः चिंकारा आणि त्याचा गवताळ माळ यांसाठीच राखलेले आहे. माळावर फार तर तुरळक बोर, हिवर, बाभूळ, हिंगण असावीत; बाकीचा माळ गवताचाच राहू द्यावा. कोठे झाड लावू नये हे समजणे, हाही वृक्षारोपणाचाच एक भाग आहे.

ही सारी आखणी करावयाची कोणी? शिरूर आणि दौंड या दोन्ही शहरांत नगरपरिषदा आहेत. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्यात बागा व मोकळ्या जागा दाखवाव्या लागतात, आणि तो आराखडा कायम होण्यापूर्वी नागरिकांना हरकती व सूचना देण्याचा अधिकार असतो. नागरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ पासून निराळा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण नेमावे लागते, ठरावीक काळाने झाडांची गणना करावी लागते आणि अनुमतीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ मध्ये या कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्ष मानण्यात आले. झाडाचे जितके वय, तितकी नवी रोपे भरपाई म्हणून लावावीत, असेही त्यात ठरविण्यात आले. खेड्यांत हे काम ग्रामसभेचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाने आपल्या हद्दीतील झाडे, गवते, पशुपक्षी आणि त्यांविषयीची माहिती यांची नोंदवही ठेवावयाची असते. ही नोंदवही नीट भरली तर गावच्या आखणीचा पाया तयार झाला असे समजावे.

भरपाईच्या हिशेबात मात्र एक मेख आहे. साठ वर्षांचा वड तोडून साठ रोपे लावली तर कागदावर एकाचे साठ झाले. परंतु त्या साठ रोपांची मिळून त्या वर्षी एका माणसाला पुरेल एवढीही सावली पडत नाही. ती पडावयास पुन्हा काही दशके जावी लागतील. तीही रोपे जगली तर. आणि रोपे मरतात ती बहुधा लावण्याच्या दिवशी नव्हे, तर पुढच्या चैत्र-वैशाखात. पर्जन्यछायेच्या प्रदेशात रोपाचे पहिले तीन उन्हाळे हीच त्याची परीक्षा असते. साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात चांगली माती व शेणखत, गुरांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण, बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि उन्हाळ्यात नियमाने पाणी एवढे तीन वर्षे मिळाले, तर येथील देशी झाड पुढे सहसा कोणाकडे काही मागत नाही. म्हणून हजार रोपे लावून ती विसरण्यापेक्षा पन्नास लावून पन्नास जगविणे अधिक मोलाचे होय. ज्या शाळेने किंवा तरुण मंडळाने आपल्या हिश्शाची दहा झाडे नावे देऊन वाटून घेतली, तिची झाडे जगण्याचा संभव अधिक असतो.

झाडाची ही किंमत महाराष्ट्राला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड आणण्याविषयी जो उपदेश आहे, त्यात रयतेच्या आंबा, फणस आदी झाडांना हात लावू नये, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोक ती लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढवितात, असे त्याचे कारण दिले आहे. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच ते न्यावे, असेही त्यात सांगितले आहे. लाकडाची गरज राज्याला तेव्हाही होती आणि रस्त्याची गरज आजही आहे. गरज खरी असली तरी तिच्यापायी कोणाचे किती वर्षांचे श्रम जातात, याचा हिशेब आधी मांडावा, हा त्या आज्ञेचा आशय आजही तितकाच लागू आहे.

रस्ते रुंद होतील, वस्त्या वाढतील, गावे शहरे होतील. ते थांबणार नाही आणि थांबविण्याचे कारणही नाही. परंतु रस्त्याची रेषा कागदावर ओढली जाते, त्याच दिवशी त्याच कागदावर झाडांचीही रेषा ओढली गेली पाहिजे; नदीकाठ नदीला आणि माळ गवताला सोडला गेला पाहिजे. आज वरवंडच्या किंवा पाटसच्या वाटेवर लावलेले वडाचे रोप गुडघ्याएवढे असेल. त्याला पाणी घालणारा विद्यार्थी म्हातारा होईल, तेव्हा त्या वडाच्या पारंब्या जमिनीला टेकलेल्या असतील. आणि ज्येष्ठातल्या एखाद्या दुपारी कोणी एक अनोळखी वारकरी तेथे थांबून, पाणी पिऊन, पुढच्या वाटेला लागेल.